घरकुल मंजूर झालं, पण बांधायचं कुठं?

विदर्भातल्या बऱ्याच ग्रामपंचायतींत घरकुलाच्या यादीतली काही नावं वर्षानुवर्षं अडकून पडलेली असतात. मंजुरी आहे, बँकेचं खातं जोडलेलं आहे, घर मात्र नाही. गावात कुजबुज असते की पैसे उडवले असतील. त्या माणसाजवळ बसून विचारलं की वेगळंच कळतं. "भाऊ, जागाच नाई ना आपल्या नावची. बांधू कुठं?"

हा लेख त्या एका प्रश्नाबद्दल आहे. बेघर म्हटलं की डोळ्यांपुढे येतात ती शहरातल्या उड्डाणपुलाखाली किंवा रेल्वे स्टेशनबाहेर झोपलेली माणसं. पण त्यांतली कितीतरी माणसं कुठल्यातरी गावातून निघालेली असतात. गावातला आसरा सुटला त्याच दिवशी त्यांचा बेघरपणा सुरू झालेला असतो. गावात तो आपल्या नजरेत येत नाही. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या ओसरीत, पालाच्या ताडपत्रीखाली तो झाकलेला राहतो. शहरात पोचला की मग आपल्याला दिसतो.

बेघर कुणाला म्हणायचं?

जनगणनेची व्याख्या सोपी आहे. छप्पर असलेल्या वास्तूत न राहता जे कुटुंब उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, मोठ्या पाइपांत, देवळाच्या मंडपात किंवा फलाटावर राहतं, ते बेघर. २०११ च्या जनगणनेत अशी माणसं एकाच रात्री मोजली गेली, २८ फेब्रुवारीच्या रात्री. देशभरात ती सुमारे १७.७ लाख भरली. त्यांतली ९.४ लाख शहरांत होती आणि ८.३ लाख खेड्यांत. म्हणजे बेघरांतला जवळपास निम्मा माणूस खेड्यातला आहे. बेघरपणावरची आपली चर्चा आणि रात्र निवाऱ्याच्या योजना मात्र जवळजवळ सगळ्या शहराभोवती फिरतात.

फेब्रुवारी संपताना आपल्याकडे काय चाललेलं असतं ते आठवा. गहू-हरभऱ्याची सोंगणी तोंडावर आलेली, वीटभट्ट्या पेटलेल्या. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला खाली उतरतात आणि होळीला आपल्या ढाण्यावर, म्हणजे वस्तीवर, परततात. त्या रात्री ती नेमकी कुठल्या गावच्या वहीत मोजली जातात? भट्टीवरच्या विटांच्या आडोशाला झोपलेल्या पोराला 'घर असलेला' म्हणायचं की नसलेला? मोजणीत ही माणसं दोन गावांच्या मधे पडतात. मोजणीतून सुटलं ते योजनेतूनही सुटतं.

मग फासेपारध्यांचा बेडा म्हणजे वस्ती, नाथजोग्यांची पालं, गावाबाहेर दहा-दहा वर्षं उभी असूनही 'फिरस्ते' म्हणूनच ओळखली जाणारी कुटुंबं. दोन खोल्यांत चार भावांचे चार संसार. नवरा गेल्यावर सासरच्यांनी बाहेर काढलेली बाई, जी माहेरच्या पडवीत पाहुण्यासारखी राहते आणि जिचं नाव कुठल्याच रेशनकार्डावर धड नसतं. जनगणनेच्या व्याख्येत यांतली अर्धी माणसं बसणार नाहीत. माझ्या लेखी ती सगळी बेघर आहेत. "उद्या इथून उठ" असं त्यांना कुणीही म्हणू शकतो, आणि त्यावर दाखवायला त्यांच्याकडे कागद नसतो.

योजना आहेत, आणि बऱ्याच आहेत

इंदिरा आवास योजना १९८५ ची. २०१६ मध्ये तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आली. शिवाय राज्याच्या योजना आहेत: अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी २०२३ मध्ये सुरू झालेली मोदी आवास. यवतमाळचे कोलाम आणि गडचिरोलीचे माडिया यांच्यासाठी २०२३ पासून पीएम-जनमन आहे, त्यात घरासाठी २ लाख रुपये मिळतात.

प्रधानमंत्री आवासमध्ये घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. सपाट भागात १ लाख २० हजार रुपये, गडचिरोलीसारख्या दुर्गम आणि नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. संडासासाठी १२ हजार वेगळे. आपल्याच घराच्या कामावर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी; २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने ती २८ हजारांच्या वर जाते. राज्याने २०२५ मध्ये आणखी ५० हजार जाहीर केले, त्यांतले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौर पॅनेलला. शिवाय ५ ब्रास रेती मोफत देण्याचं धोरण आहे. सगळं धरून रक्कम २ लाखांच्या आसपास जाते. फार नाही, पण काहीच नाही असंही नाही.

नियमात बेघराला मान पहिला आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक सर्वेक्षणात ज्यांना निवारा नाही अशी कुटुंबं, भिक्षेवर जगणारी, आदिम जमातींची आणि वेठबिगारीतून सुटलेली कुटुंबं आपोआप यादीत घ्यायची होती. इतकी सोय असूनही पालातली माणसं पालातच का राहिली, हे समजून घ्यायचं तर एका कुटुंबाच्या मागे चालत जावं लागेल.

मावशीची गोष्ट

समजा, अमरावती किंवा वाशीमकडच्या एका गावात एक मावशी आहे. विधवा, रोजमजुरीवर दोन लेकरं वाढवणारी. गावाच्या कडेला तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड शेणामातीने लिंपून वर टिन टाकलेलं तिचं घर १९९८ पासून उभं आहे. दरवर्षी ती ग्रामपंचायतीत घरपट्टी भरते आणि पावत्या पिशवीत जपून ठेवते. तिच्या मते घर तिचंच आहे.

घरकुल मंजूर होतं. ग्रामसेवक जागेचा पुरावा मागतो. ती घरपट्टीच्या पावत्या पुढे करते, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा दाखवते. इथे पहिली गाठ आहे. नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. कोणत्या घरावर किती कर, कुणाकडून घ्यायचा, एवढंच त्यात असतं. जमिनीची मालकी त्याने सिद्ध होत नाही. पंचवीस वर्षं कर घेणाऱ्या व्यवस्थेने तिला हे कधी सांगितलेलं नसतं.

मग जमीन कुणाची ते बघायला ती पटवाऱ्याकडे जाते. सरकारी भाषेत त्याला तलाठी म्हणायचे, २०२४ पासून तो ग्राम महसूल अधिकारी झाला, पण आपल्याकडे तो पटवारीच. तो सातबारा काढतो आणि सांगतो, ही ई क्लासची, म्हणजे सरकारी चराईची जमीन आहे. आता तिला तहसीलला जावं लागेल. तिथे सांगतात ग्रामसभेचा ठराव आणा. ग्रामपंचायत म्हणते मोजणी आणा. भूमी अभिलेखवाले म्हणतात मोजणीचे पैसे भरा आणि नंबर लागू द्या. पंचायत समितीतून फोन येतो की मंजूर घरकुलाचं काम सुरू नाही, कारण सांगा.

प्रत्येक टेबलावरचा माणूस आपल्या नियमाने बरोबर बोलतो आहे. मावशीने मात्र चार दिवसांची मजुरी बुडवली, बसभाडं घातलं आणि ती होती तिथेच आहे. बेघरपणा ही पाच-सहा दफ्तरांनी मिळून घातलेली गाठ आहे. कोणत्याही एका दफ्तराला ती सोडवता येत नाही, आणि जिला सोडवायला लावतात तिच्या हातात सगळ्यांत कमी ताकद असते.

जमिनीची भाषा

इथे जरा थांबतो, कारण सगळं अडतं ते इथेच. विदर्भातली जमीन एकसारखी नाही, आणि कोणत्या जमिनीवर घर आहे त्यावर पुढची वाट ठरते.

घर आबादीत असेल, म्हणजे गावठाणात, तर काम सगळ्यांत सोपं. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जातात आणि घरमालकाला मिळकत पत्रिका मिळते. ती मिळाली की घरकुलालाही चालते आणि बँकेलाही. पण बेघर माणूस आबादीत असतो कुठे? तो कडेलाच असतो.

गावठाण वाढवता येतं. जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १२२ खाली गावाच्या वस्तीत कोणती जमीन धरायची हे जिल्हाधिकारी ठरवू शकतात. गावाशेजारी योग्य सरकारी जमीन असेल तर ग्रामसभेने हा रस्ता आधी बघावा. लोक वाढली आणि आबादीची हद्द मात्र पणजोबांच्या वेळची राहिली, अशी गावं आपल्याकडे कमी नाहीत.

पश्चिम विदर्भात जिला ई क्लास म्हणतात, ती मुख्यतः गुरचराईची जमीन. बाकी महाराष्ट्र तिला गायरान म्हणतो. सरकारी जमिनीवर १ जानेवारी २०११ पूर्वीपासून असलेली राहती अतिक्रमणं नियमित करण्याचा निर्णय राज्याने फेब्रुवारी २०१८ मध्ये घेतला. मावशीचं १९९८ चं घर त्या तारखेत बसतं. पण गायरान म्हटलं की दुसरा निकाल आडवा येतो. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितली, कारण धनदांडग्यांनी त्या गिळल्या होत्या. महाराष्ट्राने त्याच वर्षी त्याला धरून निर्णय काढला. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली तेव्हा गावोगावी नोटिसा गेल्या, आणि तळ्याकाठी फार्महाऊस बांधणाऱ्याइतकीच झोप मावशीचीही उडाली.

जगपाल सिंगच्या त्याच निकालात एक अपवाद आहे, तो गावागावात वाचून दाखवायला हवा. भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना सरकारी आदेशाने जागा दिलेली असेल, किंवा जमिनीवर आधीच शाळा, दवाखाना यांसारखी सार्वजनिक सोय असेल, तर अपवाद म्हणून नियमित करता येतं असं न्यायालयाने म्हटलं आहे. म्हणून गावाने आपल्या गायरानाची यादी करताना दोन वेगळे कागद करावेत. भूमिहीनांची राहती घरं एका कागदावर, वावरं आणि दुकानं दुसऱ्यावर. दोन्ही एकत्र लिहिली की मोठ्याच्या अतिक्रमणाबरोबर गरिबाचं छप्परही जातं.

गुरं राखणाऱ्यांचं म्हणणंही ऐकायला हवं. वर्ध्याकडे गवळाऊ गाय आणि ती सांभाळणारा नंदगवळी चराईवर जगतात. गायरान संपलं तर त्यांचं घर चालणार नाही. २० कुटुंबांना घरापुरती जागा द्यायला एकरभराच्या आत भागतं. नकाशा समोर ठेवून बसलं तर गुरं आणि माणसं दोन्ही मावतात. नकाशाशिवाय बसलं तर भांडण होतं.

पूर्व विदर्भात, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत, आणखी एक नाव ऐकू येतं: झुडपी जंगल. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दफ्तरात मुरमाड, झुडपं उगवणाऱ्या पडीक जमिनीला झुडपी लिहीत आणि ती निस्तारासाठी, म्हणजे सरपणासारख्या गावच्या रोजच्या गरजांसाठी, आणि चराईसाठी गावाकडे असे. नाव 'जंगल' असल्यामुळे १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानंतर आणि विशेषतः १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती वनजमीन धरली जाऊ लागली. तोवर तिच्यावर शाळा, कचेऱ्या, घरं उभी राहिली होती. हा प्रश्न ८६,४०९ हेक्टरचा होता. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच. पण १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेल्या वाटपांसाठी राज्याने केंद्राकडे प्रस्ताव पाठवून ती जमीन वनातून वगळून घेण्याचा मार्ग खुला ठेवला. त्यानंतरच्या वाटपांची तपासणी कडक आहे. या सहा जिल्ह्यांतल्या गावाने आता करायचं काम म्हणजे जुने कागद शोधणं. १९९६ पूर्वीचा पट्टा, जुनी मतदार यादी, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, जे असेल ते. ते मोलाचे कागद आज कुणाच्या तरी ट्रंकेत वाळवी खाते आहे.

वनजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून राहणाऱ्या आदिवासींना वनहक्क कायदा २००६ राहण्यासाठीही हक्क देतो, नुसता कसण्यासाठी नाही. हे बऱ्याच पोडांवर, म्हणजे आदिवासी पाड्यांवर, अजून माहीत नसतं. दावा करताना वावर लिहिलं जातं आणि घराचा तुकडा राहून जातो. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढेच जातो.

यातलं काहीच लागू नसेल तर जागा विकत घ्यायची. त्यासाठी राज्याची पंडित दीनदयाल उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला आधी ५० हजार मिळत, ते पुढे १ लाख झाले. पैसे असूनही खरेदी होत नसे, कारण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतातला एवढासा तुकडा रजिस्ट्रीला चालत नसे. २०२४ मध्ये नियम बदलला आणि ग्रामीण घरकुलासाठी १,००० चौरस फुटांपर्यंतच्या तुकड्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने वाट मिळाली. रस्त्याकडेचं थोडं वावर द्यायला तयार असलेला शेतकरी गावात एक जरी निघाला तरी चार-पाच कुटुंबांचं काम होतं. भूदानाची पदयात्रा करणारे विनोबा वर्धा जिल्ह्यातल्या पवनारला राहत. त्या जिल्ह्याच्या शेजारपाजारच्या गावांत असा शेतकरी मागायला लाज वाटू नये.

एक यादी, एक बैठक

ज्या शहरांनी बेघरपणा खरोखर कमी केला त्यांनी काय केलं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यातलं मर्म आपल्या कामाचं आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात २०११ नंतर बेघरांची संख्या निम्म्याहून जास्त घटली. तिथे आधीही संस्था होत्या, पैसा होता, पण प्रत्येकाची यादी वेगळी आणि प्रत्येकाचं दार वेगळं. त्यांनी शंभरावर संस्था एका रचनेत आणल्या, सगळ्यांची मिळून नावानिशी एकच यादी केली आणि माणसाला आधी घर दिलं. बाकीचे प्रश्न घरात आल्यावर सोडवायला घेतले.

आपल्या गावाला शंभर संस्था जोडायच्या नाहीत. गावात दहा माणसं पुरतात, आणि ती आधीच पगारावर किंवा मानधनावर आहेत. सरपंच, ग्रामसेवक, पटवारी, रोजगार सेवक, आशाताई, अंगणवाडीताई, बचत गटांचं काम बघणारी सीआरपी ताई, पोलीस पाटील, कोतवाल, शाळेतले एक गुरुजी. कोण कुठे झोपतं हे या सगळ्यांना मिळून माहीत असतं. गरोदर बाई कोणत्या पालात आहे ते आशाताईला ठाऊक. कोणतं पोर दिवाळीनंतर शाळेतून गायब होतं ते गुरुजींना. जमीन कुणाच्या नावाची ते पटवाऱ्याला, आणि रात्री बसथांब्यावर कोण असतं ते कोतवालाला. ही माहिती एका कागदावर कधी उतरत नाही, एवढंच.

म्हणून पहिलं काम एका वहीचं. दर कुटुंबाला एक पान. आत्ता कुठे राहतात, किती वर्षं, त्या जमिनीचा गट क्रमांक आणि प्रकार काय, कोणत्या योजनेत नाव आहे किंवा बसू शकतं, कोणता कागद कमी आहे, आणि तो आणायची जबाबदारी कुणाची. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे मावशीचं नाव लिहायचं नाही. गाठ ज्याच्या दफ्तरात आहे त्याचं लिहायचं. महिन्यातून एकदा बसायचं आणि वही उघडायची. तहसीलला जायचं तर दहा मावश्यांनी दहा दिवस जाण्याऐवजी सरपंच आणि ग्रामसेवकाने दहा अर्ज घेऊन एकदाच जायचं. मोजणीचा अर्जही जमिनीच्या एका पट्ट्याचा एकत्र करायचा.

दुसरं काम ग्रामसभेचं. वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. गणपूर्ती १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. "गावातील बेघरांना जागा देण्यात यावी" असा मोघम ठराव तहसीलच्या कपाटात जाऊन झोपतो. ठरावात गट क्रमांक हवा, क्षेत्र हवं, चतुःसीमा हव्यात, कुटुंबांची नावं हवीत आणि आधीच्या वापराला पर्याय काय दिला तेही हवं. असा ठराव परत पाठवायला कारण लिहावं लागतं.

आता अवघड भाग. हा भाग कागदाने सुटत नाही.

बेड्याला जागा द्यायची म्हटलं की ग्रामसभेत आवाज चढतात. "आपल्या गावात नको." चोरीचं नाव पुढे केलं जातं. ब्रिटिशांनी १८७१ मध्ये कायदा करून ज्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं त्यांच्यावरचा तो शिक्का १९५२ मध्ये कायद्याने पुसला. गावाच्या मनातून तो अजून गेलेला नाही, हे मला फार लागतं. रहिवासी दाखला नाही म्हणून रेशनकार्ड नाही, रेशनकार्ड नाही म्हणून जातीचा दाखला होत नाही, तो नाही म्हणून योजना नाही. या साखळीची पहिली कडी गावाच्या हातात असते आणि बहुतेक वेळा गावच ती देत नाही. मुक्त वसाहत योजना एका हेक्टरवर २० कुटुंबं, प्रत्येकी ५ गुंठे आणि वर घर, इतकी उदार आहे. पण जागेला ग्रामसभेचा विरोध झाला तर ती कागदावरच राहते.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने या बाबतीत एक रीत घालून दिली आहे. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं हे गाव. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि ग्रामसभेआधी अभ्यास गटात विषय चघळला जातो. ज्याचा विरोध आहे त्याला हात वर करून हरवायचं नाही, त्याच्याशी बोलत राहायचं. बेड्याच्या प्रश्नाला हीच रीत हवी असं मला वाटतं. मतदान घेतलं तर बेडा हरणार हे सगळ्यांना माहीत आहे. पारधी बाई आणि गावातली बाई बचत गटाच्या एका सतरंजीवर सहा महिने बसल्या, तर सातव्या महिन्यात ठराव होण्याची शक्यता तरी असते.

जोत्यापासून कवेलूपर्यंत

जागा मिळाली तरी पुढे एक खड्डा आहे. पैसे हप्त्याने येतात, पहिला हप्ता लहान असतो आणि पुढचा हप्ता बांधकामाचा फोटो जागेच्या खुणेसह पोर्टलवर चढल्यावर मिळतो. म्हणजे पाया आणि जोतं आधी आपल्या जोरावर उभं करायचं. मावशी तो पैसा सावकाराकडून आणते, आणि घर पुरं होतं तोवर दागदागिना गेलेला असतो. इथे बचत गटाच्या ग्रामसंघाने तात्पुरतं कर्ज दिलं, हप्ता आल्यावर परत घेतलं, तर तेच पैसे पुढच्या घराला फिरतात. दहा घरांचं सिमेंट, सळाख, विटा एकत्र घेतल्या तर भावही कमी पडतो आणि ट्रॅक्टरच्या खेपाही. राज्यात काही ठिकाणी महिला गटांनी याच कामासाठी घरकुल मार्ट चालवले आहेत. रोजगार हमीची ९० दिवसांची हजेरी मात्र आठवणीने लावून घ्यावी लागते. रोजगार सेवकाने मस्टर, म्हणजे हजेरीपट, काढलंच नाही तर तेवढी मजुरी बुडते आणि मावशीला ती होती हेही कळत नाही.

घर नवरा-बायको दोघांच्या नावाने मंजूर करायचं, असं योजनेतच आहे. यावर ग्रामसभेने हट्ट धरावा. उद्या भांडण झालं तर बाई रस्त्यावर येणार नाही.

घर कसं बांधायचं, यावर दोन शब्द. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २६९ चौरस फुटांच्या खोलीवर टिन टाकलं की दुपारी आत माणूस बसू शकत नाही, आणि मग कुटुंब जुन्याच कुडाच्या झोपडीत झोपतं. सेवाग्रामला १९३६ मध्ये गांधीजींसाठी घर बांधताना त्यांची अट होती की खर्च ५०० रुपयांपलीकडे जाऊ नये आणि साहित्य आसपासचंच हवं. माती, बांबू आणि कवेलूची (कौलांची) ती घरं आजही उन्हाळ्यात आतून थंड लागतात. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभारांकडून पोकळ निमुळते नळे करून घेऊन त्यांच्या कमानीचं छत बनवण्याची पद्धत विकसित केली. पक्कं घर म्हणजे सिमेंटची पेटीच असा नियम नाही. गावात कुंभार आहे, बांबू आहे, हात आहेत; अभियंत्याला बोलावून त्याच्याशी आधी बोलावं.

ज्यांना घरकुल पुरत नाही

काही माणसांचा प्रश्न चार भिंतींनी सुटत नाही. डोक्यावर परिणाम झालेला माणूस, मुलांनी सोडलेली म्हातारी, आजारामुळे घराबाहेर काढलेला रुग्ण. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन सुरू केलं ते कुष्ठरोगामुळे घरातून हाकललेल्या माणसांसाठी, आणि त्याच माणसांनी तिथली घरं उभारली. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना आपलं नाव देऊन वाढवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत 'बेघरांना आसरा' हे कलम आहे, आणि ते शेंडगावचे, आपल्याच मातीतले. गावाच्या वहीत अशा माणसांचंही पान हवं. त्या पानावर योजनेऐवजी जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा आणि अशा संस्थांचा पत्ता येईल, आणि कुणीतरी सोबत जायचं ठरेल.

२०२७ ची जनगणना येते आहे. मागच्या वेळी बेघरांची मोजणी एका रात्रीत झाली होती. या वेळी ती रात्र आपल्या गावात येईल तेव्हा पोलीस पाटील, कोतवाल आणि आशाताईने प्रगणकासोबत निघावं. बेड्यावर जावं, वीटभट्टीवर जावं, देवळाच्या मागच्या पडवीत आणि बसथांब्यावर जावं. वहीतली पानं बरोबर घ्यावीत म्हणजे कुणी सुटणार नाही. टॉर्च न्यावा लागेल, त्या जागी दिवे नाहीत.